उठवणारीची टेप

१

भाचीने दुसरं लग्न केलं आणि घरात कुणाला पत्ताही लागू दिला नाही, त्या वर्षीची ही गोष्ट. बातमी फुटली तेव्हा घरात नुसता धुरळा उडाला. भाचीच्या थोरल्या भावाने बोलणं टाकलं, आई रुसून बसली. शांत होती ती एकटी मावशी. एकटी राहणारी मुलगी दुहेरी पलंगाच्या चादरी वाळत घालते आणि बारा तासांची ड्युटी करून आली तरी गुणगुणते, यावरून मावशीने काय ते केव्हाच ताडलं होतं.

"कळलं होतं तर बोलली का नाहीस?" बहिणीने तिला फैलावर घेतलं.

"माझ्याकडे कुणी क्लेम दाखल केला नव्हता," मावशी म्हणाली.

मावशीची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती. कुठे आग लागली, चोरी झाली, गोदामात पाणी शिरलं, की ती जाऊन बघायची, नुकसान खरं किती आणि रंगवलेलं किती. आता निवृत्त झाली होती, पण पाय निवृत्त व्हायला तयार नव्हते. गुडघे कुरकुरायचे, शहरभर रस्ते खणून ठेवलेले, जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी पत्र्याचे आडोसे उभे, तरी रोज काहीतरी निमित्त काढून ती बाहेर पडायचीच. घरात बसलं की तिच्या अंगावर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशीचं निमित्त भाचीनेच दिलं होतं. भाची एका शुश्रूषागृहात नर्स. तिथे खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती. साऱ्या नर्सेसना हुकूम सोडायची, म्हणून तिला सगळे 'राणीसाहेब' म्हणत. राणीसाहेबांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता जे काय दिवस होते ते होते.

या राणीसाहेबांची आई म्हणजे उठवणारी.

ती कोण, हे सांगायला हवं. कारखान्यांच्या मागच्या वस्तीत त्या काळी घरोघरी घड्याळं नसत. पाळीची वेळ चुकली की कारखान्याचं फाटक बंद. मग ही बाई भल्या पहाटे कंदील घेऊन गल्लीगल्लीतून फिरायची आणि खिडकीखाली उभी राहून हाक मारायची. प्रत्येक घराची हाक वेगळी. कुठे लांबवलेली, कुठे तुटक, कुठे शेवटाला वर नेलेली. ज्याची हाक तोच उठायचा. शेजारच्या खोलीतला रात्रपाळीचा माणूस कूसही बदलायचा नाही. सगळी वस्ती तिच्या आवाजावर जागी झाली, पण तिचं नाव शहराच्या कुठल्याही पुस्तकात नाही.

"आईचा चेहरा आठवतो मला," राणीसाहेब भाचीला म्हणाल्या होत्या. "हात आठवतात. तिच्या पदराला रॉकेलचा वास यायचा, तोही आठवतो. आवाज तेवढा गेलाय. दहा वर्षांची होते गं मी, ती गेली तेव्हा. मग मामाने नेलं मला परगावी. किती कान दिले, येतच नाही."

आणि एके दिवशी भाचीने वर्तमानपत्रात वाचलं, की शहराच्या जुन्या आवाजांचं प्रदर्शन भरणार आहे आणि त्यात उठवणारीच्या हाकांची टेप ऐकवणार आहेत. मागे एका रेडिओवाल्याने ती ध्वनिमुद्रित केली होती. एकच टेप. नक्कल नाही. भाचीने ध्वनिघराच्या इतक्या खेपा घातल्या, की शेवटी तिथल्या संचालिकाबाई टेप आणि यंत्र घेऊन शुश्रूषागृहात यायला कबूल झाल्या.

तर असे सगळे खाटेभोवती जमले. संचालिकाबाई, त्यांचा तंत्रज्ञ, भाची, मावशी, आणि शेजारच्या खाटांवरच्या तीन म्हाताऱ्या, कान टवकारून. तंत्रज्ञाने खोक्यातून रीळ काढलं, यंत्रावर चढवलं, टेपचं टोक ओवलं आणि बटण दाबलं. राणीसाहेबांनी डोळे मिटले.

खरखर झाली. मग एक पुरुषी, घसा खाकरलेला आवाज आला.

"श्रोतेहो, आज आपण दातांची निगा या विषयावर बोलणार आहोत. दात घासताना ब्रश नेहमी वरून खाली..."

दातांचे डॉक्टर बोलतच राहिले. राणीसाहेबांनी एक डोळा उघडला. तोंडात एक दात शिल्लक नव्हता त्यांच्या.

"हे मला आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

शेजारच्या म्हाताऱ्या हसल्या, भाचीही हसली. पण राणीसाहेबांनी तोंड भिंतीकडे वळवलं, तेव्हा भाचीचं हसू पार मावळलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आता तरी क्लेम दाखल करते. टेप शोधून दे. आणि लवकर. यांच्याकडे वेळ नाहीये गं."

२

ध्वनिघर म्हणजे एका जुन्या छापखान्याचा तळमजला. बाहेर रस्त्याचं खोदकाम, आत जाड दारं आणि दारं लागली की कान बंद झाल्यासारखी शांतता. मावशीला ती शांतता मुळीच मानवली नाही. ती सारखी जागा बदलत राहिली.

संचालिकाबाई टेबलामागे बसल्या होत्या. केस चापून बसवलेले, बोलणंही तसंच.

"माझ्या बारा वर्षांत इथून एक टाचणी गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक तंत्रज्ञाकडे."

"आणि टेप बाहेर न्यायला तुमचा विरोध होता म्हणे."

"कोण म्हणालं? तुमची भाची?"

"तुमचा चेहरा म्हणत होता काल."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हे पाहा, उद्घाटनाला पहिल्यांदा ऐकवायची टेप होती ती. मोठमोठी माणसं यायची आहेत. त्याआधी ती कुणाच्या खाटेशी वाजवायची, हे मला पटलं नव्हतं. पण म्हणून मी ती लपवीन? उद्घाटनाला आता मी काय ऐकवू, दात?"

"खरं आहे," मावशी म्हणाली. पण मनात तिने बाईंचं नाव तूर्त तसंच ठेवलं. विम्याच्या धंद्यात तिने असे पुष्कळ पाहिले होते, ज्यांना वस्तू नष्ट करायची नसते, फक्त चार दिवस दिसेनाशी करायची असते.

तंत्रज्ञ आतल्या खोलीत होता. सडसडीत, चाळिशीचा, बोटांना सतत चाळा. त्याला सगळे 'स्क्रू' म्हणत आणि त्याचं त्याला काही वाटत नसे.

"मावशी, मी तुम्हाला आधीच सांगतो, सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार," तो म्हणाला. "किल्ली माझ्याकडे, यंत्र माझं, रीळ मी चढवलं. मी जर चोर असतो तर इतका ढ चोर असतो का?"

"असतात रे. पुष्कळ भेटलेत मला. टेपची नक्कल का नाही केलीस आजवर?"

"रांगेत होती. ते रेडिओकाका म्हणाले, ही माझी सगळ्यात नाजूक टेप आहे, हिला शेवटी घ्या, मी स्वतः शेजारी बसेन. त्यांनीच तर सगळा संग्रह दिलाय आम्हाला. चाकूला धार लावणारा, नावाडी, कंदील पेटवणारा, सगळे आवाज त्यांनी जमवलेले. त्यांचा शब्द कसा मोडणार?"

"आणि शुश्रूषागृहात आणण्याआधी वाजवून नाही बघितलीस?"

"जुनी टेप जितकी कमी वाजवावी तितकी बरी. खोक्यावरचं नाव बघितलं, रीळ आत आहे बघितलं, निघालो."

मावशी एका जागी थांबली. तिला काल खाटेशी काहीतरी खटकलं होतं, पण काय ते हाती लागत नव्हतं. "मला एखादं रीळ लावून दाखव बरं. कुठलंही."

स्क्रूने कपाटातून एक खोकं काढलं. रीळ यंत्राच्या उजव्या बाजूला बसवलं, डावीकडे रिकामं चाक लावलं, आणि टेप उलटी फिरवायला लागला. यंत्र गरगरत राहिलं.

"हे काय करतोयस?"

"उलटी गुंडाळतोय. सुरुवात वर यायला नको का? आमच्याकडे वाजवून झालेली टेप मागे गुंडाळत नाहीत. सावकाश वाजत जशी बसते तशीच खोक्यात ठेवायची. घाईने मागे गुंडाळली की कुठे सैल बसते, कुठे घट्ट, आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली की बिघडते. म्हणून आमच्या प्रत्येक रिळाचं शेपूट बाहेर असतं आणि तोंड आत."

मावशीने यंत्राच्या टेबलाची कड धरली.

"काल तू उलटी कुठे गुंडाळलीस? रीळ चढवलंस आणि थेट बटण दाबलंस."

स्क्रूची बोटं थांबली. "हो की. टोक ओवताना बघितलं तर सुरुवातच वर होती. मला वाटलं, बाईंनी आधी कुणाकडून तरी तयार करून घेतली."

"आणि बाईंना वाटलं असणार, तू केलीस."

"पण ती टेप शेवटची वाजवली तेव्हा मी स्वतः शेपूट बाहेर ठेवून आत टाकली होती! मागच्या वर्षी. ते गजराच्या धुनेवाले संगीतकार आले होते ना ऐकायला, तेव्हा."

"मग दातांचं रीळ तुमच्या कपाटातलं नाहीच," मावशी म्हणाली. "तुमच्याकडचं असतं तर शेपूट बाहेर असतं. ते बाहेरून आलंय. अशा जागेहून, जिथे टेप मागे गुंडाळून ठेवतात."

"रेडिओवर ठेवतात," स्क्रू म्हणाला. "तिथे कधी कुठली लागेल सांगता येत नाही. उचलली की लगेच वाजली पाहिजे. आणि गाण्यांच्या स्टुडिओतही तसंच."

"संगीतकार इतक्यात आले होते का इथे?"

"गेल्याच आठवड्यात. कपाटाच्या खोलीत एकटेच बसले होते बराच वेळ, आणि कपाट उघडंच होतं."

३

संगीतकाराचं नाव शहरात घरोघरी पोचलं होतं, ते एका छोट्याशा धुनेमुळे. फोनच्या गजरासाठी त्याने ती बांधली होती आणि अर्धं शहर रोज सकाळी तिला शिव्या देत उठायचं. ती चाल उठवणारीच्या हाकेवरून उचललेली आहे, हे मोजक्या लोकांना ठाऊक होतं. टेप गायब झाली तर पुरावा गायब. मावशी त्याच्या स्टुडिओत शिरली ती हे मनात धरूनच.

तो जमिनीवर वायरींच्या गुंत्यात बसला होता. विस्कटलेला, दाढी वाढलेली.

"गेली?" तो ओरडलाच. "आता माझ्या फलकाचं काय?"

"कसला फलक?"

त्याने एक मोठा पुठ्ठा ओढून काढला. प्रदर्शनात लावायचा फलक. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की ही धून मुळात माझी नाही, एका उठवणाऱ्या बाईची आहे. शेजारी कानाला लावायचे दोन जोड, एकात धून, एकात हाक.

"माझीच कल्पना," तो म्हणाला. "लोक सकाळी मला शिव्या देतात, त्या निदान वाटून तरी जातील. गेल्या आठवड्यात त्यासाठीच तर गेलो होतो, जागा बघायला. बायको म्हणते, वीस वर्षं लपवलंस, आता उतारवयात सत्य सुचलं. मी म्हणालो, असू दे."

चोरलेल्या वस्तूची जाहिरात स्वतः रंगवणारा चोर मावशीने अजून पाहिला नव्हता. तरी ती उठली नाही. म्हणजे उठली, खोलीत दोन चकरा मारल्या, खिडकी उघडली, बंद केली, पण गेली नाही.

"तुम्ही ती टेप नीट ऐकलीय. कशी होती?"

"सुरेख. फारच सुरेख." तो थांबला. "खरं सांगू? मला नेहमी नवल वाटायचं. उघड्यावर ओरडणारी बाई, पण श्वास कुठे तुटत नाही. स्वर कुठे ढळत नाही. असा गळा आपोआप होत नाही हो, कुणीतरी बसून तयार करून घ्यावा लागतो. आणि एवढ्या गल्लीत एक कुत्रं भुंकत नाही, एक बादली वाजत नाही. रेडिओकाकांना म्हणालो तसं, तर म्हणाले, पहाट होती ना."

"पहाटेच तर बादल्या वाजतात," मावशी म्हणाली.

संगीतकाराने हातातली वायर खाली ठेवली.

"रेडिओकाका ध्वनिघरात येतात का अजून?"

"दर आठवड्याला. कापडी पिशवी घेऊन. तंत्रज्ञ कपाट उघडून देतो, ते जुने आवाज ओळखून देतात. त्यांना कोण अडवणार? त्यांचंच तर आहे सगळं."

मावशीच्या मनात शंकेची पाल आता चांगलीच चुकचुकली. त्याच वेळी तिचा फोन वाजला. भाची होती.

"मावशी, राणीसाहेबांना सकाळपासून श्वास लागतोय. डॉक्टर म्हणतात, नातेवाईक असतील तर बोलावून घ्या. यांना कोण आहे गं बोलवायला?"

४

रेडिओकाका पाच जिने चढून गेल्यावर राहत होते आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मावशीने प्रत्येक मजल्यावर थांबून गुडघ्यांची समजूत घातली. दार उघडलं ते एका उंच, वाकलेल्या, स्वच्छ म्हाताऱ्याने.

"टेपबद्दल ऐकलं मी. फार वाईट झालं," ते म्हणाले. "बसा. चहा करतो."

"चहा नको. वेळ नाही."

भिंतीवर एक फोटो होता. पांढऱ्या साड्यांतल्या सात-आठ तरुण बाया, मधे मायक्रोफोन. त्यांतली एक, मोठ्या डोळ्यांची, मान किंचित वर केलेली.

"मिसेस का तुमच्या?"

"हो. रेडिओच्या समूहगानात होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली."

मावशी बसली. त्या दिवसात पहिल्यांदाच नीट बसली.

"काका, मी तुम्हाला एक हिशेब सांगते, चुकलं तर थांबवा. ही टेप एवढी वर्षं होती. रेडिओवर लागली, सगळ्या शहराने ऐकली. तुम्हीच ती ध्वनिघराला दिलीत. प्रदर्शनात लावायलाही तुमची हरकत नव्हती. मग ती नाहीशी कधी झाली? उठवणारीची मुलगी सापडली त्यानंतर. म्हणजे ती टेप जगाने ऐकली तर चालत होतं. तिने ऐकलेली तेवढी चालत नव्हती."

रेडिओकाका खिडकीबाहेर बघत राहिले. खाली यंत्राने रस्ता फोडत होते.

"जगाला काय माहीत, उठवणारीचा आवाज कसा होता? वस्ती उठली, माणसं पांगली. पण मुलीला पहिल्या हाकेलाच कळलं असतं, की ही आपली आई नव्हे. दुसरं कुणीतरी आहे. चांगला तयार गळा असलेलं. जिथे कुत्रं नाही, बादली नाही, अशा बंद खोलीत बसून गाणारं." मावशीने फोटोकडे पाहिलं. "आणि दातांचं रीळ तुमच्या कपाटातलं. रेडिओच्या रिवाजाप्रमाणे मागे गुंडाळलेलं. खोकं तेच ठेवलंत, आतलं बदललंत. थांबवा की, चुकत असेल तर."

रेडिओकाकांनी थांबवलं नाही. ते उठून आत गेले आणि कापडी पिशवी घेऊन आले.

"जाळून टाकायला हवी होती," ते म्हणाले. "हात धजला नाही. हिचा एकटीचा आवाज दुसरा कुठे नाहीच. समूहगानात सात जणींत तो कुठला, कसा ओळखणार?"

"झालं काय होतं?"

"मी नवखा होतो. साहेबांना म्हणून बसलो होतो, उद्या उठवणारी आणतो. पहाटे गेलो तर यंत्रच चालेना, वस्तीत वीज नव्हती आणि माझी बॅटरी उतरलेली. मग बॅटरी बदलून भर दुपारी गेलो, तर बाई हाक मारायलाच तयार नाही. गयावया केली, यंत्र चालू ठेवलं, म्हटलं आत्ता मारेल, मग मारेल. ती नुसती भांडतच राहिली. संध्याकाळी टेप द्यायची होती. आमचं नुकतंच लग्न झालेलं. ही म्हणाली, मी त्याच वस्तीत वाढलेय, मला येतात हाका. दार लावून बसलो आणि भरून टाकलं. पुढे परत जाऊन खरी आणीन म्हणत राहिलो, तोवर बाई वारली. मग सगळे वाहवा करायला लागले. काय सांगणार?"

"त्या म्हातारीला खरं सांगता आलं असतं."

"काय सांगू? तुझ्या आईचा आवाज माझ्याकडे होता आणि मी तो पुसला, हे?" त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "नवीन रीळ नव्हतं हो माझ्याकडे. त्याच टेपवर भरलं सगळं."

मावशी ताडकन उठली. गुडघा कटकन वाजला, तरी तिला कळलं नाही.

"त्याच टेपवर? पुसलंत कसं?"

"पुसायचं वेगळं काही नसतं. वरून नवीन भरत गेलं की खालचं जात जातं."

"आणि नवीन भरणं थांबलं की?"

रेडिओकाकांनी पिशवीतून रीळ काढून उजेडात धरलं.

"काका, मी आगीचे क्लेम तपासलेत. मालक म्हणतो, घर जळालं. जाऊन बघावं तर पुढच्या दोन खोल्या जळालेल्या आणि मागचं स्वयंपाकघर जसंच्या तसं. तुमच्या मिसेसने हाका मारल्या त्या किती वेळ?"

"थोडाच वेळ. घराघराची एकेक."

"आणि उठवणारी भांडली किती?"

"ती..." ते खुर्चीचा हात चाचपत खाली बसले. "ती पुष्कळ भांडली. रीळ संपेस्तोवर."

"त्यानंतर ही टेप कुणी शेवटपर्यंत ऐकलीय?"

"कोण ऐकणार? हाका संपल्या की सगळे आवाज बंद करून नुसती टेप शेवटपर्यंत फिरू देतात. नोंद करताना मीच बसलो होतो. मीही तेच केलं. मला तर ती लवकर संपायला हवी असायची."

"चपला घाला," मावशी म्हणाली.

"मी? तिथे? त्यांच्यासमोर?"

"हो तर. तुमच्याशिवाय कुणाला ओळखता येणार, की ती तीच आहे? आणि त्या यंत्रवाल्या पोराला फोन लावा. म्हणावं, यंत्र घेऊन धावत ये."

५

दुपार टळली होती. राणीसाहेब उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी. स्क्रूने रीळ चढवलं. संचालिकाबाईही आल्या होत्या आणि पहिल्यांदाच त्यांचे केस विस्कटले होते. रेडिओकाका खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. राणीसाहेबांनी ऐकून घेतलं.

"बायको होती होय तुमची," त्या म्हणाल्या. "लावा. तिलाही ऐकते."

हाका सुरू झाल्या. खरंच सुरेख होत्या. राणीसाहेबांनी मान हलवली. "छान गाते. पण एवढं गोड हाकारलं असतं तर कुणी उठलं नसतं."

हाका संपल्या. नुसती खरखर. ती संपेचना. भाचीने मावशीचा हात घट्ट धरला. संचालिकाबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी ते मिटलं.

टक्, असा आवाज झाला. आणि एकदम खोलीत ऊन आल्यासारखं झालं. भांडी घासल्याचा आवाज, लांबवर कारखान्याचा भोंगा, कोंबडी, आणि एक जाडाभरडा, घोगरा, घाईत असलेला बायकी आवाज.

"...मग उठवू कुणाला? दिवस डोक्यावर आलाय. माणसं गेली कामाला. रिकाम्या खिडक्यांना हाका मारू? लोक म्हणतील, हिला खूळ लागलं."

"बाई, एकदाच. या यंत्रासाठी." हा तरुण रेडिओकाकांचा आवाज.

"का, यंत्राला झोप लागलीय तुमच्या?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खुदकन हसली.

"बाई, माझी नोकरी जाईल हो."

"आणि माझी राहील? अवेळी हाक ऐकली की उद्यापासून कुणी माझ्या हाकेवर उठायचं नाही. पाळी चुकली तर त्यांची पोरं काय खातील? माझी हाक म्हणजे काय तमाशा आहे? आणि हळू बोला जरा. पोरगी झोपलीय आत. अंगात ताप आहे तिच्या. सगळ्या वस्तीला उठवते मी, पण तिला कधी उठवत नाही. तिला जाग येईल तेव्हा येईल. काय? नाही म्हटलं ना! तुमचं ते चाक फिरतंय अजून, बंद करा ते, माझ्या पायात..."

टेप संपली. सुटलेलं टोक रिळाबरोबर फटफट करत फिरत राहिलं. स्क्रूला यंत्र बंद करायचं भान नव्हतं, शेवटी मावशीनेच बटण दाबलं.

"तीच," रेडिओकाका म्हणाले.

राणीसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. श्वास पुरत नव्हता, तरी हसत होत्या.

"ताप-बीप काही नव्हता मला," त्या म्हणाल्या. "शाळेला दांडी मारायची होती. कांबळ्यात तोंड घालून पडले होते, आणि सगळं ऐकत होते. जागीच होते मी."

मग त्यांनी रेडिओकाकांकडे बोट केलं. "तुम्ही लाल मफलर घालून आला होतात. एवढ्या उन्हात. मला वाटलं, येडाच आहे." आणि भाचीकडे वळून हुकूम सोडला, "परत लाव गं. तिचंच. माझ्या आईचं."

स्क्रूने परत लावलं. अंधार पडेपर्यंत लावत राहिला. टेप जितकी कमी वाजवावी तितकी बरी, याची त्याला त्या दिवशी कुणी आठवण करून दिली नाही.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. संगीतकाराने त्याचा फलक बदलून घेतला आणि त्यावर दोघींचा उल्लेख केला. हाका मारणारीचा आणि न मारणारीचा.

राणीसाहेब त्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी गेल्या. भाची शेजारी होती. रेडिओकाका त्यानंतरच्या वर्षी, हिवाळा सरता सरता, त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात गेले.